नकाराचं कारण

विवाहित आहात का? असल्यास पतीचं पूर्ण नाव आणि व्यवसाय. मुलं किती, त्यांची आजची वयं. मासिक पाळी नियमित येते का? आजवर किती वेळा दिवस गेले, त्यांतली किती बाळंतपणं पूर्ण महिन्यांची? शेवटच्या पाळीची तारीख. सध्या गरोदर आहात का? कधी गर्भपात झाला आहे का?

हा दवाखान्यातला केसपेपर नव्हे. आयुर्विमा महामंडळात सहायक पदावर रुजू होणाऱ्या स्त्रियांकडून भरून घेतला जाणारा हा फॉर्म होता. 1989 मध्ये नीरा माथुर यांनी तो भरला. लेखी परीक्षा, मुलाखत, महामंडळानं नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी असं सगळं पार पडून त्या प्रोबेशनवर रुजू झाल्या. पुढे बाळंतपणासाठी रजा घेतली आणि त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. कोर्टात महामंडळाचं म्हणणं असं, की त्यांनी फॉर्ममध्ये पाळीची तारीख खोटी लिहिली होती. सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये त्यांना परत कामावर घ्यायला लावलं. हे प्रश्न अपमान करणारे आहेत, बाईचा संकोच आणि स्वाभिमान उत्तराच्या आड येणारच, असं म्हणून ते रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं.

मी गेली अनेक वर्षं भरतीचं काम करते. या खटल्यात मला निकालापेक्षा तो फॉर्म जास्त अस्वस्थ करतो. कुणीतरी तो टाइप केला असेल. कुणीतरी वाचून सही केली असेल, मग छापखान्याकडे गेला असेल. या साखळीतल्या कुणालाही आपण काही वाईट करतोय असं वाटलं नसणार. मेडिकल फिटनेसचा कागद, सगळीकडे असतो तसा. भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खडूस साहेब येतो, तोंडावर अपमान करणारा. माझ्या अनुभवात भेदभाव बहुतेक वेळा फॉर्ममध्ये असतो, पात्रतेच्या अटीत असतो, ‘आपल्याकडे हे असंच चालतं’ या वाक्यात असतो. आणि हे सगळं तयार करणारी खुर्ची आमच्या मनुष्यबळ खात्याची असते. म्हणून नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा हा वकिलांचा विषय आहे, आपल्याला फक्त रजिस्टर नीट ठेवायचं आहे, असं आमच्यातलं कुणी म्हणालं की मला राहवत नाही.

या कायद्याची मागणी काय आहे? मला ती एकाच गोष्टीत दिसते. तुम्ही माणसाला नाकारलंत, तर कारण सांगा. आणि ते कारण कामाशी जोडलेलं असू द्या.

अमेरिकेत तर ही मागणी पायरी-पायरीनं लिहूनच ठेवली आहे. 1964 चा नागरी हक्क कायदा आला, त्याच्या सातव्या प्रकरणानं वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेद करायला बंदी केली. 1973 मध्ये मॅक्डोनेल डग्लस या विमानं बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध पर्सी ग्रीन या मेकॅनिकचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि पुरावा कसा तपासायचा याची रीत ठरली. आधी अर्जदारानं दाखवायचं की तो पात्र होता, तरी नाकारला गेला आणि जागा रिकामीच राहिली. मग मालकानं न्याय्य कारण सांगायचं. मग ते कारण खरं की नुसतं सांगण्यापुरतं, हे दाखवायची संधी पुन्हा अर्जदाराला. मधली पायरी मला फार मोलाची वाटते. ‘आमची मर्जी’ हे तिथं उत्तर होऊ शकत नाही.

आमच्या पेशात या मागणीचा परिणाम मात्र विचित्र झाला. कारण सांगावं लागेल या धास्तीनं कारण देणंच बंद झालं. मुलाखतीला येऊन गेलेल्या मुलाला आज काय कळवतात? ‘आपली प्रोफाइल सध्या आमच्या गरजेशी जुळत नाही. भविष्यासाठी शुभेच्छा.’ हजारो मुलांना हाच मजकूर जातो. यात पकडण्यासारखं काही नसतं, म्हणून तो सुरक्षित. पण ज्याला तो मिळतो त्याला कळत नाही, की आपल्याला एक्सेल कमी येतं म्हणून नाकारलं, की आपलं वय जास्त आहे म्हणून, की आडनाव वाचून. शिकावं तर काय शिकावं, आणि भांडावं तर कशावर? कायद्यानं कारण मागितलं आणि आम्ही मजकूर तयार केला. याला कायदा पाळणं म्हणायला माझं मन तयार होत नाही.

बंद दाराआड कारणं कशी तयार होतात ते सांगते. पॅनेल बसलेलं असतं, चहा येऊन गेलेला असतो, उमेदवार नुकताच बाहेर गेलेला असतो. विभागप्रमुख म्हणतात, “काम येतं त्याला. पण फिट वाटत नाही.” मी विचारते, “कशात फिट नाही, सर? लिहायचंय मला.” ते म्हणतात, “अहो, आपल्या टीममध्ये मिसळेल असं वाटत नाही. बोलण्यातून कळतं.” मी पुन्हा विचारते, “बोलण्यात नेमकं काय?” मग दोन गोष्टींपैकी एक होते. कधी खरंच कामाचं काही निघतं: ग्राहकाशी फोनवर बोलायचं काम आहे आणि हा प्रश्न पुरता ऐकूनच घेत नाही. हे कारण झालं, ते लिहिता येतं, त्याला सांगता येतं. आणि कधी काहीच निघत नाही. माणूस चुळबुळतो, मग म्हणतो, “बघा तुम्ही, घ्यायचं तर घ्या.” त्या क्षणी कुणी खलनायक ठरत नाही. फक्त एवढं होतं, की ज्या कारणाला तोंडानं सांगता येत नव्हतं, त्यावर कुणाची नोकरी गेली नाही.

म्हणून आमच्या पॅनेलच्या शीटवर मी ‘एकूण मत’ हा रकाना ठेवत नाही. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण आणि गुणांपुढे एक ओळ. सगळ्यांचे गुण भरून होईपर्यंत पॅनेलमध्ये चर्चा नाही. याला ‘स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू’ म्हणतात; यात नवं काही नाही. जुन्या पद्धतीपेक्षा अशा मुलाखतीतून पुढच्या कामाचा अंदाज बरा येतो, हे मनुष्यबळाच्या अभ्यासात केव्हाच मान्य झालेलं आहे. तरीही अनुभवी मंडळी याला कंटाळतात. “माणूस पाहिल्याबरोबर कळतो आम्हाला,” असं म्हणतात. काय कळतं ते लिहा, एवढंच माझं म्हणणं असतं.

पण लिहिलेलं कारणही पुरत नाही, हे कायद्यानंच शिकवलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचं एक वीजकेंद्र होतं. तिथे काळ्या कामगारांना फक्त मजूर विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार हा इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहूनही कमी होता. 2 जुलै 1965 रोजी नागरी हक्क कायद्याचं ते सातवं प्रकरण लागू झालं, आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीनं नवी अट आणली: वरच्या विभागांतल्या नव्या भरतीसाठी हायस्कूल पास हवं ही अट आधीपासून होतीच, आता शिवाय दोन लेखी चाचण्या पास हव्यात. अट सगळ्यांना सारखीच. पण गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा तिथे पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या होत्या, आणि काळ्यांना शिक्षण कमी दर्जाचं मिळत आलं होतं. गंमत म्हणजे हायस्कूलची अट यायच्या आधी लागलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार त्याच विभागांत ठीक काम करत होते. म्हणजे कामाला त्या अटीची गरजच नव्हती. 1971 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की हेतू वाईट असो वा नसो, परिणाम काय होतो ते पाहू. आणि अट कामाशी जोडलेली आहे हे मालकानं दाखवायचं.

इथे आमच्या पेशाचं गणित बदललं. 1978 मध्ये अमेरिकी सरकारी खात्यांनी एक ढोबळ कसोटी दिली: एखाद्या गटाचं निवडीचं प्रमाण सर्वांत वरच्या गटाच्या चार पंचमांशाहून कमी असेल तर थांबून बघा. शंभर पुरुषांतले साठ निवडले आणि शंभर स्त्रियांतल्या चाळीस, तर स्त्रियांचं प्रमाण पुरुषांच्या दोन तृतीयांश भरतं. इथे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे; पण कुठली अट गाळणीचं काम करते आहे, हे शोधावं लागेल. अमुक कॉलेजचेच, सलग नोकरी असलेलेच, पस्तिशीच्या आतलेच: आमच्या जाहिरातीतल्या या अटी कामासाठी किती लागतात, असा प्रश्न मला ड्यूक पॉवरचा खटला वाचल्यापासून पडतो. ‘करिअरमध्ये गॅप नको’ ही अट तर मी पाहिली की खोडायला लागते. मूल झालं म्हणून, घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं म्हणून मधली वर्षं कुणाची जातात, हे सांगायला अभ्यास करावा लागत नाही.

अट सगळ्यांना सारखी, पण परिणाम एका गटाला बाहेर ठेवणारा, या अप्रत्यक्ष भेदभावाची कल्पना आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये लेफ्टनंट कर्नल नितीशा यांच्या खटल्यात स्वच्छ शब्दांत स्वीकारली. आदल्या वर्षी, बबिता पुनिया यांच्या खटल्यात, सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नेमणुकीचा हक्क मिळाला होता. मग सैन्यानं निवड केली, पण वैद्यकीय निकष तेच लावले, जे पुरुष अधिकारी तरुणपणी पार करून मोकळे झालेले असतात. स्त्रियांना मात्र ते चाळिशी-पन्नाशीत पार करायचे होते, कारण त्यांना संधीच इतक्या उशिरा मिळाली. हा भाग पुष्कळांना माहीत आहे. मला त्या निकालातला दुसरा भाग जास्त भिडला, तो गोपनीय अहवालांचा. या स्त्रियांचे वार्षिक अहवाल लिहिले गेले तेव्हा त्यांना पुढे कायम करायचंच नव्हतं. त्यामुळे लिहिणाऱ्यांनी ते मन लावून लिहिले नाहीत. आणि पुढे त्याच अहवालांवरून त्यांची तुलना झाली.

आमच्याकडे सैन्य नाही, पण अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाच्या, फायली आहेत. मी त्या एका बैठकीत ओळीनं वाचायला लागले, की फरक दिसायला लागतो. ज्यांच्याकडून पुढे मोठ्या अपेक्षा आहेत, त्यांच्या शीटवर साहेबांनी दोन-दोन परिच्छेद लिहिलेले असतात: कुठलं काम चांगलं झालं, कुठे कमी पडला, पुढच्या वर्षी काय शिकायचं. इतरांच्या शीटवर ‘गुड’, ‘सिन्सिअर’, ‘कीप इट अप’. लग्न ठरलेल्या मुलीच्या शीटवर, कंत्राटावरून कायम झालेल्या माणसाच्या शीटवर, साहेबांच्या वर्तुळात न बसणाऱ्यांच्या शीटवर हे एका शब्दाचे शेरे जास्त सापडतात. त्यांच्याबद्दल वाईट काहीच लिहिलेलं नसतं. पण बढतीच्या वेळी ती फाइल रिकामी असते, आणि रिकाम्या फायलीला कुणी बढती देत नाही. एका शब्दाचा शेरा मी आता परत पाठवते. चिडतात. “काय निबंध लिहायचाय का?” असं एकांनी विचारलं होतं. हो, लिहायचा आहे; एका माणसाचं वर्ष आहे ते.

पगाराच्या बाबतीत आपल्याकडे कायदा जुना आणि बराच स्पष्ट आहे. समान मोबदला कायदा 1976 चा, आणि त्याचं सार 2019 च्या वेतन संहितेत आलेलं आहे. 1987 मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या ऑड्री डिकोस्टा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयानं निकाली काढला. स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. कंपनी म्हणाली, युनियनशी करार करूनच हे ठरलंय, आणि आम्हाला परवडतही नाही. न्यायालयानं दोन्ही सबबी मानल्या नाहीत. आता करारात उघडपणे ‘बायकांना कमी’ असं कुणी लिहीत नाही. आता आम्ही विचारतो, ‘आधीचं सीटीसी, म्हणजे वर्षाचा एकूण पगार, किती?’ आणि त्यावर टक्केवारी चढवून ऑफर काढतो. पहिल्या नोकरीत जिला कमी मिळालं, तिला दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नोकरीतही ते कमीपण सोबत येतं, आणि प्रत्येक मालक म्हणतो की मी तर वाढच दिली. अमेरिकेतल्या काही राज्यांनी हा प्रश्न विचारायलाच मनाई केली आहे. आपल्याकडे तशी मनाई नाही. पण पदाचा पगार आधी ठरवून जाहिरातीत छापायला कुणाची परवानगी लागत नाही.

चांगला कायदाही अर्धवट बेतला तर कुणावर उलटतो, हे बाळंतपणाच्या रजेत दिसतं. 1961 च्या कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, पन्नास किंवा अधिक माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. मी या दुरुस्तीच्या बाजूची आहे, पूर्णपणे. पण पैसा कोण देणार? कर्मचारी राज्य विमा ही ठरावीक पगारापर्यंतच्या कर्मचाऱ्यांसाठीची सरकारी योजना; तिच्या कक्षेतल्या बाईचा भत्ता त्या योजनेचं महामंडळ देतं. बाईचा पगार त्या मर्यादेपलीकडे गेला, की सगळा भार एकट्या मालकावर. छोट्या कंपनीचा मालक मग हिशोब करतो, आणि तो हिशोब मुलाखतीच्या टेबलावर येतो: “लग्नाचं काय ठरलंय?” “मिस्टर बदलीच्या नोकरीत आहेत का?” “मुलाकडे कोण बघतं?” हे प्रश्न कागदावर कुठेच नसतात, त्यामुळे नीरा माथुर यांच्यासारखा कुठला रकाना दाखवून कोर्टात जाता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या मातृत्व करारात हा धोका ओळखून म्हटलं आहे, की हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी पैशातून व्हावा, तो थेट एकेका मालकावर टाकू नये. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही. स्वीकारायला हवा. पॅनेलमध्ये बसून मी तो प्रश्न विचारू देत नाही. पण मनातल्या मनात केलेला हिशोब मी कसा खोडणार? तो विम्यानंच खोडला जाईल.

आता आडनावाबद्दल, कारण आपल्याकडे तिथे बोलणं थांबतं.

संविधानाची 14, 15, 16 ही कलमं मुख्यतः सरकारला बांधतात. सरकारी नोकरीत जातीवरून भेद झाला तर कलम 16 आहे. खासगी कंपनीसाठी आपण तुकड्या-तुकड्यांनी कायदे केले: अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा, एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा, तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा. एचआयव्हीच्या बाबतीत तर मुंबई उच्च न्यायालयानं 1997 मध्येच, नाव गुप्त ठेवलेल्या एका हंगामी कामगाराच्या खटल्यात सांगितलं होतं, की काम करण्याइतकी प्रकृती ठीक असताना नुसत्या संसर्गावरून नोकरी नाकारता येणार नाही. पण खासगी भरतीत जात किंवा धर्म पाहून नाकारलं तर दाद मागायला एक सर्वसाधारण कायदा? तो नाही. शशी थरूर यांनी लोकसभेत 2016 चं भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे गेलं नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहरानं मात्र 2023 मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला.

हे प्रकरण हवेतलं नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सगळ्या भरती करणाऱ्यांनी वाचावा असा आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढे बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी निघाली. हे सगळे पदवीधरांचे अर्ज होते. ‘पात्र माणसं मिळतच नाहीत हो’ हे वाक्य तिथे संपतं.

आमच्याकडे पहिल्या छाननीत नाव झाकतो. नाव, फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता काढून बायोडेटा पुढे जातो. यानं फरक पडतो. शॉर्टलिस्ट पाहिली की कळतं. मग मुलाखत येते, आणि समोरचे अगदी मायेनं विचारतात, “मूळचे कुठले तुम्ही?” “पूर्ण नाव काय म्हणालात?” “तिकडे आडनाव हे, म्हणजे कोणापैकी?” विचारणाऱ्याला ही ओळख काढणं वाटतं. उत्तर देणाऱ्याचा चेहरा मी समोरून पाहिलेला आहे. एक मुलगी आपलं आडनाव सांगून झाल्यावर, कुणी काही विचारायच्या आधीच, आपले परीक्षेतले टक्के सांगायला लागली होती.

या प्रश्नांची यादी आम्ही पॅनेलला आधी हातात देतो: हे विचारायचे नाहीत. कुणी विचारलाच, तर शीटवर त्याची नोंद होते, विचारणाऱ्याच्या नावासकट. नाकारलेल्यांपैकी कुणीही मागितलं, तर त्याला गुणांचं शीट वाचून दाखवतो. वकिलांनी आधी याला विरोध केला होता, उगाच खटल्याला आमंत्रण कशाला म्हणून. बहुतेक जण फोन करतच नाहीत. जे करतात ते ऐकून घेतात, एखाद-दुसरा प्रश्न विचारतात, आणि बरेच जण शेवटी विचारतात की पुढच्या वेळी अर्ज केला तर चालेल का. चालेल, असं आम्ही सांगतो, आणि कुठल्या दोन गोष्टींची तयारी करून यायचं तेही.